लसणाच्या दिवसांतलं बाळंतपण

लसणाची पात निम्मी पिवळी पडली की आमच्या गावात कुणाला मरायलाही सवड नसते. लसूण उपटायचा, रानातच सुकवायचा, जुड्या बांधून पडवीत टांगायचा, आणि लगेच त्याच रानात पाणी सोडून भात लावायचं. सगळं पाऊस लागायच्या आत. नेमक्या त्याच दिवसांत मी अंथरूण धरलं. आजारी पडले असं नाही, ठरवून धरलं. माझ्या सासूला, ऐंशी ओलांडलेल्या इमहा-देकला, माझं बाळंतपण करायला लावलं. पोर नाही, पाळणा नाही, माझं वय साठीला टेकलेलं, आणि म्हणे बाळंतपण! लोक अजून हसतात. हसू देत.

पण मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल, बाई येडी दिसते.

मला दुखतं ती जागा चारचौघांत सांगण्यासारखी नाही. ओटीपोटाच्या खाली, माकडहाडाच्या पुढं, अगदी आत. माझी एकुलती एक मुलगी बोराम झाली तेव्हापासून. बसलं की आत कुणी खुरप्याचं टोक रुतवून हळूहळू फिरवतंय असं वाटतं. उभं राहिलं तर सोसवतं, आडवं पडलं तर बरं. आता आमच्याकडे सगळा संसार चालतो जमिनीवर मांडी घालून. जेवण जमिनीवर, कोबीची किमची मुरत घालणं जमिनीवर, पितरांच्या दिवसाचं तळण तेसुद्धा जमिनीवर शेगडी मांडून. मी उभ्यानं जेवायची. पाहुणे आले की वाडगा घेऊन स्वयंपाकघरात जायची, म्हणजे कुणाला दिसायला नको.

रानात बाया बुडाला फोमची गोल गादी बांधतात आणि बसल्या बसल्या सरीतनं पुढं सरकतात. मला ती गादी बांधता येत नाही. मी गुडघ्यांवर रांगत, नाहीतर एका कुशीवर पडून लसूण उपटायची. शेजारची ओचोन-देक एकदा बांधावरून ओरडली, "कारेसिल-देक, लसूण काढतेस का लसणाशेजारी झोपतेस गं?" कारेसिल माझं माहेर. आमच्यात सुनेला माहेरच्या गावाच्या नावाला 'देक' जोडून हाक मारतात, म्हातारी झाली तरी. सगळ्या बाया गाद्यांवर डुलून डुलून हसल्या. मीही हसले. काय करणार?

दवाखाने केले नाहीत असं नाही. तालुक्याचा केला, मग थेगू शहरात राहणाऱ्या बोरामनं तिथल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आत नळी घातली, पोट दाबलं, मला त्या घुमणाऱ्या यंत्रात सरकवलं. एका पोरगेल्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, "काकू, सगळं स्वच्छ आहे. वयाचं आहे, थोडं मनाचं आहे." परतताना बसमध्ये नवरा खिडकीशी बसला, मी दांडा धरून उभी.

"स्वच्छ आहे म्हणाला," नवरा म्हणाला.

"ऐकलं मी."

"मग आता?"

"मग काय, दुखतंय."

"फोटोत नाही ते दुखेल कसं?" एवढं बोलून त्यानं डोळे मिटले. माझा नवरा, सांगगिल, वाईट माणूस नाही. पण त्याला काही समजून घ्यायचं नसलं की झोप येते.

मग घरचे उपाय. भोक पाडलेल्या स्टुलावर बसून खालून नागदवण्याची वाफ घेतली. पोटावर नागदवण्याच्या गोळ्या पेटवून डाग घेतले, ते अजून आहेत. काळ्या बोकडाचा काढा प्याले, हिवाळाभर माझ्या ढेकरांना बोकडाचा वास होता. वाफेनं तासभर बरं वाटायचं. बाकी कशानंच काही नाही. आणि मागून सासूचं चालूच असायचं. "कामाला बसायचं म्हटलं की हिला दुखतं. झोपायचं म्हटलं की नाही दुखत. असलं शहाणं दुखणं मी बघितलं नाही बाई."

ही बाई जन्मभर माझ्याशी अशी बोलली. मुलगा दिला नाही म्हणून बोलली, दुखतं म्हणून बोलली, दुखतं असं सांगितलं नाही तर तोंड वाकडं का म्हणून बोलली.

त्या वसंतात सासऱ्यांच्या श्राद्धाला सगळी भावकी जमली. मी ओट्यावर शेगडी ठेवून उभ्यानं तळण काढत होते. सासू सगळ्यांच्या मध्ये बसली होती. म्हणाली, "आमच्या सूनबाई राणीसाहेब आहेत. त्यांना जमीन लागत नाही. पितरांनाही उभ्यानंच वाढतात." चुलत दीर खो खो हसला. त्याच्या बायकोनं तोंडावर हात धरला, पण डोळे हसतच होते.

मी झारा ठेवला. "आई, खोटं वाटतं तुम्हाला?"

"मला काय वाटायचंय? चल नोबोंगच्या सुईवालीकडे. तिनं पोटाला हात लावला की कळतं, किती खरं आणि किती नाटक."

नोबोंगच्या सुईवालीचा शब्द आमच्या घरात देवाच्या शब्दासारखा. मागे सासूचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, पाणी पिताना ओघळ यायचा, ते तिनं सुया टोचून सरळ केलं. तेव्हापासून सासू तिला मोठी बहीण म्हणते. माझं नाटक उघडं पडावं म्हणून म्हातारी स्वतः माझ्याबरोबर आली, नवे बूट घालून.

सुईवाली म्हणजे वाळल्या बोराएवढी म्हातारी. खोलीत भिंतीला लागून पाच-सहा बाया आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या. सगळ्यांच्या समोर तिनं मला आडवं केलं, पदर नाही पडदा नाही, आणि दोन बोटं खाली खुपसली.

"इथं?"

मी ओरडले.

"आणि इथं?"

माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं. सासू मागून म्हणाली, "ती जरा जास्तच ओरडते, ताई."

"तुझं तोंड सरळ करताना तू किती ओरडलीस ते सांगू का हिला?" सुईवाली म्हणाली. भिंतीच्या बाया हसल्या. मग तिनं मला विचारलं, "कुठल्या बाळंतपणापासून?"

"एकच आहे."

"महिना कुठला?"

"लसणाचा."

"तीन साते पाळलीस?"

तीन साते म्हणजे तीन आठवडे. बाळंतिणीनं तापल्या जमिनीच्या खोलीत निजायचं, गार पाण्यात बोट घालायचं नाही, दिवसातनं तीनदा मियोकचं गरम कालवण प्यायचं. मियोक म्हणजे समुद्रातलं शेवाळ, रक्त धुऊन काढतं. दाराला दोरी बांधायची, परक्या माणसानं आत यायचं नाही. हे करायचं सासूनं. सगळीकडे करतात. कुत्री व्याली तरी आमच्याकडे तिला मियोक घालतात.

मी मान वळवली. सासूकडे बघितलं.

"अगं बोल की, मी पोटाला विचारतेय का तुला?"

"पाचव्या दिवशी लसूण काढायला गेले," मी म्हणाले. "अंगावरनं जात होतं तशीच. नंतर भाताच्या चिखलात. मांड्यांपर्यंत पाणी होतं."

"कुणी पाठवलं?"

भिंतीच्या बाया आता सासूकडे बघायला लागल्या. त्यातली एक आमच्याच खोऱ्यातली होती, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं.

"तेव्हा दिवसच तसे होते," सासू म्हणाली. आणि कुणी विचारलं नव्हतं तरी पुढं म्हणाली, "आणि मुलगी झाली होती."

सुईवालीनं तिच्याकडे नुसतं बघितलं. मग माझं पोलकं खाली ओढत म्हणाली, "वारं शिरलंय हाडात. सुईनं निघायचं नाही हे. बाळंतपणातलं वारं पुढच्या बाळंतपणात निघून जातं, नीट केलं तर. तुला पुढचं झालंच नाही."

"आता कुठनं होणार?"

"मूल कुठं मागतेय मी? बाळंतपण करून घे. तीन साते पाळ. मूल झालंय का नाही, हाडाला काय कळतंय? घरात करणारं कोण आहे?"

देवाशप्पथ सांगते, तोपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. पण हा प्रश्न कानावर पडला आणि माझ्या अंगात वीज चमकली. मी म्हणाले, "आई आहेत ना. त्यांच्याच हातचं होऊ दे."

सुईवाली हसली नाही. "हिच्या हातचं असेल तर फारच चांगलं," म्हणाली.

सासू बूट घालायला बाहेर गेली तेव्हा सुईवालीनं मला हळूच सांगितलं, "भात कापून झालं की थंडीत कर. घाई नाही." मी मान हलवली. आणि घरी येऊन सांगितलं, "ज्या दिवसांत वारं शिरलं त्याच दिवसांत निघतं म्हणाली. लसणाच्या." सासूनं ते ऐकलेलं नव्हतं, त्यामुळं नाही कसं म्हणणार? मोठ्या बहिणीचा शब्द.

नवरा आधी हसला. मग त्याला कळलं की मी चेष्टा करत नाही. "लसूण कोण काढणार? मजूर मिळत नाहीत, सगळ्यांनी मजुरीला येणारी परदेशी पोरं आधीच सांगून ठेवलीत."

"बोराम झाली तेव्हा कुणी काढला?"

"तूच काढलास."

"मग झालं तर. या वर्षी दुसऱ्या कुणीतरी काढायचा."

तो आईकडे बघायला लागला. आई भिंतीकडे बघत होती.

दोरी बांधायची होती. दोरी पेंढ्याची, पण उलट्या पिळाची लागते. नवऱ्यानं अंगणात बसून पेंढा वळायला घेतला, तर हात सवयीनं सरळच पिळायचा. दोनदा उसवली. सासू ओसरीवरून बघत होती. शेवटी तिला राहवेना. "दे इकडं. हात आहेत का पाय?" म्हणून तिनं हिसकावून घेतली आणि तळहातांवर थुंकून भराभरा वळली. चुकीची गोष्ट तिला बघवत नाही, हे मला माहीत होतं.

"यात काय खोवायचं?" तिनं विचारलं. "मुलगा असता तर तांबड्या मिरच्या. मुलगी असेल तर कोळसा आणि देवदाराची डहाळी. हिला काय झालंय?"

"मिरच्या खोवा," मी खोलीतनं म्हणाले.

"मिरच्या! मुलग्याच्या?"

"आणि कोळसाही. दोन्ही खोवा. माझं बाळंतपण आहे."

असं आमच्या फाटकावर ते तोरण चढलं, तांबड्या मिरच्या, कोळसा आणि डहाळ्या एकत्र. गावात दोरी बांधून पंधरा-वीस वर्षं झाली असतील, आताची पोरं बाळंत व्हायला शहरात जातात. ट्रॅक्टर थांबवून लोक बघत होते. ओचोन-देक फाटकाबाहेरून ओरडली, "कारेसिल-देक! जुळं झालं का गं?" आतून सासू म्हणाली, "धोंडा झालाय. बघायला येऊ नकोस, दोरी आहे."

मागची खोली अजून लाकडांवर तापते. तिथं मी पडले, जाड रजई घेऊन, ऐन उन्हाळ्यात. घामानं उशी भिजायची. गंमत म्हणून कुणी करेल असं नव्हतं ते. पण कागदी दाराला एक फट होती, तिच्यातनं अंगण आणि स्वयंपाकघराचा उंबरा दिसायचा. त्या फटीसाठी मी तो घाम सोसला.

म्हातारी उजाडायच्या आत उठायची. खोलीखालच्या चुलीत लाकडं सारायची, खोकायची. मियोक भिजत घालायची, तिळाच्या तेलात परतायची. वाडगा आणून दारात सरकवायची.

"घे."

मी एक घोट घ्यायची. "आई, कोमट आहे. कोमट चालत नाही म्हणाली सुईवाली."

ती वाडगा उचलून न्यायची. परत आणायची.

"आता अळणी लागतंय."

"बाळंतिणीला अळणीच देतात."

"हो का? मला कुठं माहीत, मी कधी खाल्लंय?"

ती वाडगा परत उचलायची. मग मीठ आणायला जायची. मी फटीतनं बघायची, एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. वाटेत एकदा थांबायचीच. मला दया आली का? नाही आली. ढेकर यावा तसं बरं वाटत होतं.

मग ती लसणात जायची. नवरा यंत्रानं सऱ्या उकरायचा, ही मागनं गादी बांधून जुड्या करायची. इतर वर्षी शेजारच्या बाया आमच्याकडे येतात, आम्ही त्यांच्याकडे जातो, सावड असते. पण दाराला दोरी असलेल्या घरचं कुणी जेवत नाही, आणि जेवण नाही तिथं सावड कसली? दोन दिवस दोघी-तिघी आल्या, पुढं आल्याच नाहीत. दुपारी नवरा-सासू घरी यायचे. नवरा आडवा व्हायचा. सासू मातीचे हात धुवायची आणि पुन्हा मियोक चढवायची. कालवणाला लसणाच्या चिकाचा वास यायला लागला. तिची बोटं चिरली होती. तेही मी मुद्दाम बघून घेतलं, वाडगा सरकवताना.

एकदा तिन्हीसांजेला ती उंबऱ्यावर बसायला गेली आणि बसलीच नाही. अर्ध्यातच थांबली, कमरेत हात घालून हळूहळू परत उभी झाली. वाडगा उभ्यानंच खाल्ला. मी रजईत तोंड खुपसून हसले. हसता हसता माझंच पोट दुखायला लागलं.

रविवारी बोराम आली, थेगूहून, लसणाला हात लावायला. फाटकापाशी बराच वेळ थांबली होती. खोलीत आली ती रागानंच.

"आई, हे काय चाललंय? लोक फोटो काढतायत फाटकाचे. आजी त्या वयात लाकडं ओढतेय. तुला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर मी नेलं नाही का?"

"नेलंस की. स्वच्छ आहे म्हणाले."

"मग हे काय आहे?"

"हे तुझं बाळंतपण आहे," मी म्हणाले. "राहून गेलं होतं."

तिला कळेना. मग मी सांगितलं. तू दोन दिवसांची असताना आजीनं तुला उचलूनही घेतलं नाही. तुझ्यासाठी दोरी वळली नाही, लसणाच्या जुड्या वळायच्या होत्या. मियोक आणलं होतं ते मुलगा होईल म्हणून, मुलगी झाली तसं ते परत टांगून ठेवलं. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. पोरीला कशाला सांगायचं असं वाटायचं. त्या दिवशी सगळं सांगून टाकलं.

बोराम उठली. बाहेर गेली. मी फटीला डोळा लावला. म्हातारी अंगणात जुड्या मोजून लावत होती.

"आजी, माझ्या वेळी दोरी बांधली होतीत?"

"काय?"

"मी झाले तेव्हा. दोरी."

म्हातारीनं जुडी खाली ठेवली, परत उचलली. "लसूण काढायचा होता," म्हणाली. "आकाश भरून आलं होतं."

"आजही आलंय," बोराम म्हणाली. आजीच्या बाजूला बसून तिनं दिवसभर जुड्या बांधल्या, पण आजीकडे मान वर करून बघितलं नाही. जाताना मला गालाला हात लावून गेली.

पाऊस लवकर आला. निम्मा लसूण पडवीत टांगला होता, निम्मा रानात पसरलेला. नवरा आणि म्हातारी ताडपत्री घेऊन पळाले. मला खोलीत ऐकू येत होतं पाणी. एवढं सांगते, त्या एका घटकेला माझे पाय हलले. तो लसूण मीच लावला होता, कुशीवर पडून एकेक पाकळी खोचली होती. पण मी उठले नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस, तिसऱ्या दिवशी पाऊस. ताडपत्रीखाली लसूण वाफाळला आणि काळा पडला.

नवरा चिखलाच्या बुटांनिशी माझ्या दारात येऊन उभा राहिला. त्याला कधी इतका चिडलेला बघितलं नव्हतं.

"उठ! उठतेस का नाही? कुजला सगळा! तुझ्या नाटकापायी कुजला! रानभर वास सुटलाय, बाहेर येऊन बघ!"

त्यानं दार ओढलं, तर कागद फाटला. मी रजई धरून पडून राहिले. तेवढ्यात मागनं म्हातारी आली. पार भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले, हातात लाकडांचा भारा.

"गप बस," ती त्याला म्हणाली.

"आई, अगं लसूण—"

"कुजला तर कुजला. आवाज कशाला चढवतोस? तुझी बायको बाळंतीण आहे."

तो आ वासून बघत राहिला. मीही. म्हातारीनं त्याला बाजूला सारलं, दाराचा फाटका कागद हातानं दाबून बसवला, म्हणजे वारा लागायला नको, आणि खाली बसून चूल पेटवायला लागली. ओली लाकडं धुमसत होती. ती फुंकत होती.

तुम्हाला वाटेल, मी विरघळले. मी आतल्या आत जळून गेले. तुझी बायको बाळंतीण आहे! एवढंच बोलायचं होतं. इतकंच. हे वाक्य तिच्या तोंडात होतं, तिला येत होतं. तेव्हाही आकाश भरलं होतं, तेव्हाही लसूणच होता. तेव्हा एकदा म्हणाली असती तर मी सगळ्यांसारखी मांडी घालून जगले असते. रजईत मी इतके दात आवळले की दाढ दुखायला लागली.

तीन साते भरली त्या सकाळी म्हातारीनं शेवटचं कालवण आणलं. त्या दिवशी त्यात मांस होतं, चांगलं, गाईचं. दारात सरकवून ती फाटकाची दोरी सोडायला गेली. मी उठले. वाडगा पुढ्यात घेतला. सवयीनं उभी राहणार होते, काय वाटलं कोण जाणे, जमिनीवर टेकले. मांडी घातली. आता टोक रुतेल, आता रुतेल, म्हणून श्वास धरून बसले.

रुतलं नाही.

अगदी काही नव्हतं असं नाही. आत कुठंतरी जड होतं, फोड बरा झाल्यावर जागा हुळहुळते तसं. पण मी बसले होते. मियोकनं झालं, तापल्या जमिनीनं झालं, का नुसतं पडून राहिल्यानं, मला माहीत नाही. वाडगा तळापर्यंत संपवला. बोरामच्या जन्मानंतर बसून जेवलेलं ते पहिलं जेवण. मी रडले. आवाज न करता, वाडग्यात तोंड घालून.

मग अंगणात तिची पावलं वाजली. फरफट, फरफट. मी उभी राहिले. भिंतीला पाठ लावली.

म्हातारी दारात आली. हातात सोडलेली दोरी होती, मिरच्या वाळून कुरकुरीत झालेल्या. तोंड पार उतरलं होतं, या तीन आठवड्यांत दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. चौकट धरून तिनं विचारलं, "कसं आहे?"

मी रिकामा वाडगा पायानं तिच्याकडे सरकवला.

"गेलं का?"

असं ती माझ्याशी जन्मात बोलली नव्हती. लहान मुलासारखं विचारत होती. मला कळलं, तिला हवं होतं ते. मी हो म्हटलं असतं तर झालं असतं, फिटलं असतं सगळं. म्हातारी शांत मेली असती.

"नाही," मी म्हणाले. "तसंच आहे."

"जरापण नाही?"

"जरापण नाही, आई."

ती उंबऱ्यावर बसली. दोरी मांडीवर ठेवली, तिच्यातला कोळसा बोटांनी चुरत राहिली. चुरता चुरताच म्हणाली, "लसणातनं तुला घरी पाठवायला हवं होतं. रक्त दिसत होतं मला. सरीत पडत होतं."

हे ऐकायला मी उभा जन्म उभी होते. ऐकलं. गोड लागलं, खोटं कशाला बोलू? पण पुरलं नाही. तिला दिसत होतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं, तिला कळलं नसेल.

तेव्हापासून रोज सकाळी म्हातारी माझ्यासाठी मियोक करते. सांगावं लागत नाही. माझं दुखणं थंडीत थोडं वर येतं, एरवी फारसं नाही. तालुक्याला एकटी गेले की मी बसमध्ये बसते. खिडकीशी, पाय पसरून, शेवटच्या थांब्यापर्यंत. परतताना आमच्या खोऱ्यातलं कुणी चढलं की उठून दांडा धरते.

परवा गावच्या बैठकीच्या घरात सगळ्या बाया किमची घालायला जमल्या होत्या. जमीन छान तापलेली, कोबीचे ढीग, मधोमध मिरचीचं वाटण. मी टेबल ओढून उभ्यानं पानांना वाटण चोळत होते. ओचोन-देक म्हणाली, "अगं कारेसिल-देक, बस की जरा. आता तर बाळंतपणही झालं तुझं."

दोघी-तिघी हसल्या. कोपऱ्यातनं म्हातारी कडाडली, "तिला बस म्हणू नका! तिला किती दुखतं तुम्हाला काय माहीत? मला विचारा. मी बघितलंय."

ओचोन-देकनं माझ्याकडे बघून मान खाली घातली. "चुकलं बाई, मी चेष्टेनं म्हटलं," म्हणाली. कुणीतरी उठून माझ्यासाठी वाडग्यात भात आणि मांस वाढलं आणि टेबलावर माझ्या हाताशी आणून ठेवलं. खरं दुखत होतं तेव्हा यातल्या एकीनंही एवढं केलं नव्हतं.

माझे गुडघे भरून आले होते. खाली जमीन गरम होती, बसावंसं फार वाटत होतं. मी वाडगा उचलला आणि उभ्यानं जेवायला लागले. म्हातारी बघत होती.